भिंगाचें तोंड आणि पांखराचा डोळा

एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठावर खंड्या पक्ष्याचें रंगीत छायाचित्र छापलेलें असतें. चोंच तीक्ष्ण, डोळ्यांत प्रकाशाचा एक ठिपका, छातीवरील पीस न् पीस मोजून घ्यावें इतकें स्पष्ट. आणि पाठीमागें मात्र कांहीं नाहीं. झाड नाहीं, ओढा नाहीं, आभाळ नाहीं. दुधावर साय धरावी तसा एक मऊ हिरवा रंग तेवढा पसरलेला. पाहणाराला वाटतें, छायाचित्रकारानें केवळ शोभेसाठीं ही हिरवळ मागें पसरली असावी. वास्तविक ही शोभा भिंगाच्या तोंडानें, म्हणजे ज्या छिद्रांतून प्रकाश कॅमेऱ्यांत शिरतो त्या छिद्रानें, वसूल केलेली किंमत आहे. ही किंमत चुकविण्याची, निदान कमी करण्याची खटपट पक्ष्यांचीं चित्रें घेणाऱ्यांनीं शंभराहून अधिक वर्षें केली. आणि आतां तीच किंमत अलंकार म्हणून मिरविली जात आहे. हा उलटा फेरा कसा झाला, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण थोडा चिंतनीयही आहे.

मनुष्याच्या डोळ्यांतील बाहुली उन्हांत आकसते व अंधारांत पसरते. कॅमेऱ्याच्या भिंगांतही अशीच एक बाहुली असते. तिला ॲपर्चर म्हणतात. तिचें माप सांगण्याची रीत मात्र थोडी विलक्षण आहे. भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे जो आंकडा येतो, तो तिचा एफ-अंक. केंद्रांतर २०० मिलिमीटर असून छिद्र २५ मिलिमीटर रुंद असलें, तर तें एफ/८ झालें. अर्थात् आंकडा जितका मोठा, तितकें छिद्र लहान. २·८, ४, ५·६, ८, ११, १६, २२, ३२ अशी ही मालिका असून तिच्यांतील प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. एफ/८ ला ज्या चित्रासाठीं सेकंदाचा अष्टमांश पुरे होतो, त्याला एफ/३२ वर पुरे दोन सेकंद लागतात.

मग छिद्र लहान करावयाचेंच कशासाठीं? त्याचें कारण असें कीं, कोणतेंही भिंग खरें पाहतां एकाच अंतरावरील वस्तु अगदीं रेखीव दाखवितें. त्या अंतराच्या थोडें अलीकडचें व थोडें पलीकडचें जें काय असेल, तें इतकें किंचित् बिघडलेलें असतें कीं डोळ्याला तें स्पष्टच वाटतें. हा जो अलीकडपलीकडचा पट्टा, त्याला स्पष्टतेची खोली म्हणावें. छिद्र लहान केलें कीं किरणांचे शंकु निमुळते होतात आणि हा पट्टा रुंद होतो. आतां हिशेब पाहण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीवर ५०० मिलिमीटरचें भिंग एफ/४ ला उघडून १० मीटरांवरील पक्षी टिपला, तर खोली सुमारें १० सेंटिमीटर मिळते. एफ/८ ला ती सुमारें २० होते. तोच पक्षी ५ मीटरांवर आला आणि छिद्र एफ/४ लाच राहिलें, तर खोली जेमतेम अडीच सेंटिमीटर उरते. चिमणी चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १५ सेंटिमीटर भरते. म्हणजे समोर तोंड करून बसलेल्या चिमणीचा डोळा साधला, तर तिची शेपटी हातची गेलीच.

याप्रमाणें प्रकाश, वेळ आणि खोली या तिघांची ही भागीदारी आहे. एकाला अधिक द्यावें, तर दुसऱ्याच्या वांट्यांतून काढावें लागतें. डोंगर, देऊळ किंवा पुतळा स्वस्थ उभा राहतो, म्हणून तेथें वेळ हवा तितका खर्चावा आणि खोली हवी तितकी घ्यावी. पक्षी मात्र वेळ देत नाहीं. पक्षिचित्रणाचा सारा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरत आला आहे.

लुई दागेर यानें १८३९ सालीं आपली छायाचित्रणाची कृति पॅरिस येथें जगापुढें मांडली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनीं सुमारें एफ/३·६ इतक्या मोठ्या तोंडाचें भिंग गणितानें सिद्ध केलें, आणि मनुष्याचें चित्र काढतांना त्याला दगडासारखें बसवून ठेवण्याचा काळ पुष्कळच घटला. पण त्या भिंगाची स्पष्टता मध्यभागापुरती असे; कडांकडे सारें विरघळून जाई. १८५८ मध्यें इंग्लंडांतील जॉन वॉटरहाउस यांनीं निरनिराळ्या मापांचीं छिद्रें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या. भिंगाच्या नळीला खांच ठेवून हवी ती पट्टी तींत सरकवावयाची. छिद्र निवडणें ही गोष्ट छायाचित्रकाराच्या हातीं इतकी सोपी होऊन आली ती तेव्हांपासून. १८८१ सालीं ब्रिटनमधील छायाचित्रण-संस्थेनें या छिद्रांना एकसारखे आंकडे देण्याची योजनाही केली. तींत एफ/४ ला १, एफ/५·६ ला २, एफ/८ ला ४ असे आंकडे होते. म्हणजे आंकडा दुप्पट झाला कीं वेळही दुप्पट. व्यवहाराला ही योजना सोयीची होती, तरी अखेर टिकले ते एफ-अंकच.

या आरंभीच्या काळांत जिवंत पक्षी प्लेटवर येणें जवळजवळ अशक्यच होतें. वेल्समधील जॉन डिलविन लेवेलिन यांचें १८५६ सालचें एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यांत पाण्याच्या कांठीं एक बगळा मासा टिपण्याच्या पवित्र्यांत उभा आहे. परिसर खरा, पाणी खरें, बगळा मात्र पेंढा भरलेला. यांत फसवणूक पाहण्याचें कारण नाहीं. ओल्या कोलोडियनच्या कांचेला जितका वेळ हवा असे, तितका वेळ निश्चल राहणारा बगळा पेंढ्याचाच असावयाचा. खऱ्या बगळ्याइतका स्थिर उभा राहणारा पक्षी क्वचितच सांपडेल. पण वाऱ्यानें त्याचें एक पीस हाललें, तरी कांचेवर डाग उमटावयाचा.

१८७१ मध्यें रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना प्रसिद्ध केली आणि पुढील दहा वर्षांत प्लेटांचा वेग फार वाढला. लगेच दोन पुरुष पक्ष्यांच्या पाठीस लागले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-जूल मारे यांनीं १८८२ सालीं बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा केला. त्याचा चाप ओढला कीं सेकंदाला बारा चित्रें उमटत, आणि प्रत्येकास सेकंदाचा सातशेंविसावा भाग पुरे होई. आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडणारे समुद्रपक्षी त्यानें टिपले. दुसरे ओटोमार आनशुट्झ. प्रशियांतील लिसा गांवीं त्यांनीं १८८४ सालीं घरट्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या करकोच्यांचीं चित्रें घेतलीं. तीं सेकंदाच्या हजाराव्या भागांत घेतलेलीं होतीं. विमानविद्येचा आद्य साधक ओटो लिलिएनथाल याला या चित्रांचा उपयोग झाला. या दोघांनीं वेळ जिंकला. पण तो जिंकतांना भिंगाचें तोंड उघडें ठेवणें भाग होतें, म्हणून खोलीवर पाणी सोडावें लागलें. मारे यांचे पक्षी तर बहुतेक काळ्या सांवल्याच आहेत. मारे यांना पंखांची हालचाल हवी होती, पिसांचा रंग नव्हे. त्यामुळें त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

पक्षी पक्षी म्हणून ओळखतां यावा, त्याचें घर, त्याचीं अंडीं, त्याचें रानांतील स्थान दिसावें, हा हेतु मनांत धरून कॅमेरा उचलणारे पहिले महत्त्वाचे पुरुष म्हणजे रिचर्ड व चेरी कीअर्टन हे दोघे भाऊ. यॉर्कशायरमधील स्वेलडेल खोऱ्यांत थ्वेट या खेड्यांत त्यांचा जन्म झाला. थोरला रिचर्ड लहानपणीं घरट्यासाठीं झाडावर चढला असतां पडला आणि जन्माचा लंगडा झाला. पुढें दोघेही लंडनमधील कॅसेल या प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागले. १० एप्रिल १८९२ रोजीं लंडनजवळच्या रानांत चेरीनें कस्तूर जातीच्या पक्ष्याचें अंड्यांसह घरटें टिपलें. तीन वर्षांनीं, १८९५ त, 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' हें रिचर्डचें पुस्तक चेरीच्या चित्रांसह निघालें. प्रत्यक्ष रानांत घेतलेल्या छायाचित्रांनीं सजलेलें या विषयावरील पहिलें पुस्तक म्हणून तें ओळखलें जातें.

आरंभ घरट्यापासून झाला यांत भिंगाचाच न्याय आहे. घरटें हालत नाहीं. त्यासाठीं छिद्र हवें तितकें मिटावें, प्लेटला हवा तितका वेळ द्यावा, आणि काडी न् काडी, अंड्यावरील ठिपका न् ठिपका स्पष्ट घ्यावा. त्या चित्रांत पाठीमागचें झुडूप, गवत, दगड हीं सारीं दिसतात, आणि तीं दिसावींत अशीच कीअर्टन बंधूंची इच्छा होती. कारण घरटें कोठें बांधलें आहे हें कळल्यावांचून घरट्याच्या चित्राला ज्ञान म्हणून किंमत नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत अंडीं गोळा करून पेटींत मांडण्याचा छंद घरोघर होता, आणि रानांत जाणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या खांद्यावरही बंदूक असेच. त्या छंदाला कॅमेऱ्याचें चित्र हा एक निर्दोष पर्याय होता. ब्रिटनमध्यें अशा अंडीसंग्रहाला कायद्यानें सर्वसाधारण बंदी झाली ती १९५४ सालीं. कीअर्टन बंधूंचें पुस्तक तिच्या एकुणसाठ वर्षें आधींचें आहे.

परंतु या निर्दोष साधनालाही एक दोष चिकटलेला होता, आणि तो भिंगाच्या तोंडांतूनच आला होता. घरट्याच्या समोर एखादें पान, एखादी डहाळी आली तर ती स्पष्टतेच्या पट्ट्याबाहेर पडते. मग ती पान म्हणून दिसत नाहीं, चित्रावर धुकें म्हणून पसरते. म्हणून छायाचित्रकार समोरच्या डहाळ्या बाजूला बांधून ठेवूं लागले; कांहीं जण त्या छाटूंही लागले. चित्र होतें, मनुष्य निघून जातो. मागें उरतें तें उघडें पडलेलें घरटें. दुपारचें ऊन थेट पिलांवर येतें, आणि जी वाट भिंगाला मोकळी झाली, तीच कावळ्यालाही मोकळी होते. जे विवेकी होते ते डहाळ्या पुन्हां जागच्या जागीं आणून ठेवीत. परंतु सर्वच विवेकी नव्हते.

घरट्यावरून प्रत्यक्ष पक्ष्यावर जाणें ही पुढची पायरी. १८९५ सालीं इंग्लंडांतीलच रेजिनाल्ड लॉज यांनीं अंड्यांवर बसलेल्या टिटवीच्या जातीच्या पक्ष्याचें चित्र घेतलें. अशा प्रकारच्या अगदीं आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. १८९६ त कीअर्टन बंधु स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटांवर गेले आणि समुद्रपक्ष्यांच्या कड्यांवर त्यांनीं कॅमेरा नेला. १९०० सालीं तर त्यांनीं एक पोकळ बैल तयार करविला. खऱ्या बैलाचें कातडें आंतील सांगाड्यावर चढविलेलें, पोटांत माणूस आणि कॅमेरा, आणि भिंगाला बाहेर पाहण्यापुरतें एक भोंक. लोक या बैलाला हंसले असतील. पण त्या थट्टेमागें गणित होतें. त्या काळच्या साध्या भिंगानें पक्षी ओळखूं येण्याइतका मोठा दिसावा, तर त्याच्या अगदीं जवळ जावें लागे. आणि जवळ गेलें कीं खोली झपाट्यानें आटते. अंतर निम्मं झालें तर खोली चौथाईवर येते. ती पुन्हां मिळविण्यासाठीं छिद्र मिटावें, तर वेळ वाढतो. आणि वेळ वाढला, तर पक्षी बिचकतां कामा नये. म्हणून बैल!

याच सुमारास दुरून जवळचें दाखविणारें भिंग निघालें. १८९१ सालीं लंडनचे टॉमस डॉलमेयर यांनीं टेलिफोटो भिंगाचें पेटंट घेतलें. जर्मनींतही त्याच वर्षीं त्या दिशेनें काम झालें. आतां खोलीचा प्रश्न सुटला असें कित्येकांना वाटलें असेल. परंतु प्रकाशशास्त्र असें उदार नाहीं. एफ-अंक तोच असेल आणि प्लेटवरील पक्ष्याचा आकारही तोच असेल, तर तें चित्र लहान भिंगानें जवळून घेतलें काय किंवा मोठ्या भिंगानें दुरून घेतलें काय, पक्ष्याभोंवतींची खोली जवळजवळ सारखीच राहते. दूरच्या भिंगानें दोनच गोष्टी बदलतात. पहिली ही कीं, पक्ष्याला मनुष्याचा उपद्रव होत नाहीं. हा लाभ फार मोठा. दुसरी ही कीं, पाठीमागच्या देखाव्याचा अगदीं लहानसा तुकडा चौकटींत येतो व तोच विस्तारून सर्वत्र पसरतो. मुखपृष्ठावरील त्या हिरव्या सायीचें मूळ येथें आहे. खेरीज तीं जुनीं टेलिफोटो भिंगें आकारानें अवजड आणि प्रकाशाच्या बाबतींत कृपण होतीं. नाकापेक्षां मोती जड, अशी त्यांची अवस्था होती.

या कोंडींतून एक वेगळीच वाट काढली ती विजेच्या झोतानें. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग हे या मार्गांतील मोठें नांव. १९३७ सालीं वेल्समध्यें घुबडाचीं चित्रें घेण्यासाठीं ते रात्रीं मचाणाकडे जात असतां घुबडानें अकस्मात् झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. एका डोळ्यानें ते पुढें अर्धशतकाहून अधिक काळ पक्ष्यांकडे पाहत राहिले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनीं पक्ष्यासाठीं दिलेल्या डोळ्यावरूनच नांव दिलें. १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरण्यास आरंभ केला. अमेरिकेंत हॅरोल्ड एजर्टन यांनीं त्याच तत्त्वावर गुंजनपक्ष्यांचे पंख हवेंत थांबविले होते. फ्लॅशची मातबरी अशी कीं, प्रकाशाचा झोत भरपूर असून तो क्षणांशापुरता टिकतो. त्यामुळें छिद्र मिटून खोलीही मिळते आणि हालचालही गोठते. तिघां भागीदारांचें भांडण मिटलें असें पहिल्यानेंच वाटलें. पण येथेंही किंमत द्यावी लागलीच. अंतर दुप्पट झालें कीं झोताचा प्रकाश चौथाई होतो. म्हणून पक्षी झगझगीत आणि पाठीमागें काळा अंधार. रान पुन्हां नाहींसें झालें. मागच्या खेपेस तें धुक्यांत गेलें होतें, या खेपेस काळोखांत.

हिंदुस्थानांत पक्षिविद्येचें मोठें केंद्र मुंबई. १८८३ सालीं तेथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्याशीं आयुष्यभर निगडित राहिलेले सालिम अली यांचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हें पुस्तक १९४१ त निघालें, तेव्हां त्यांतील पक्षी ओळखविण्याचें काम हातानें काढलेल्या रंगीत चित्रांकडेच होतें. यांत मागासलेपणा नव्हता. चित्रकाराच्या कुंचल्याला एफ-अंक नसतो; चोंच आणि शेपटी दोन्ही तो सारख्याच निगुतीनें काढतो. तथापि कॅमेराही येथें रुजत होता. ई. एच. एन. लोथर यांचें 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हें पुस्तक १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूर पडल्यावर हिंदुस्थानच्या आश्रयास आलेले उद्योगपति लोक वान थो यांचा सालिम अलींशीं स्नेह जमला. दोघांनीं बरोबर प्रवास केले. लोक वान थो यांचें 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हें चित्रसंपन्न पुस्तक १९५७ चें. पुढें १९६४ सालीं विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला.

१९५९ सालीं जपानमध्यें निघालेल्या निकॉन एफ सारख्या कॅमेऱ्यांनीं आणखी एक सोय केली. पाहतांना भिंगाचें तोंड पूर्ण उघडें, आणि चाप दाबतांच तें ठरविलेल्या मापाला आपोआप मिटावें, अशी यंत्रणा हातीं आली. सोय मोठी, पण तिच्यामुळें एक भ्रमही उपजला. डोळ्याला दिसतें तें उघड्या तोंडाचें दृश्य, आणि चित्र उमटतें तें मिटलेल्या तोंडाचें. म्हणून खोली आधीं पाहून घेण्यासाठीं निराळी कळ ठेवावी लागली. त्यानंतर फिल्म गेली, अंकीय कॅमेरे आले आणि त्यांची प्रकाशग्रहणाची शक्ति पूर्वीच्या फिल्मच्या कितीतरी पट झाली. १९३५ सालच्या कोडाक्रोमला जेथें झगझगीत ऊन हवें होतें, तेथें आतां पहांटेचा उजेड पुरतो. २०२० च्या सुमारास तर पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर भिंग रोखणारे कॅमेरे बाजारांत आले. अर्थात् छिद्र अतिशय मिटलें तर किरण कडांवर पसरून सर्वच चित्र मऊ पडतें, ही मर्यादा अजून आहे. परंतु एफ/८ किंवा एफ/११ ठेवून उडता पक्षी टिपणें आज सामान्य हौशी माणसाच्याही आवांक्यांत आहे.

आतां नवल हें कीं, खोली घेण्याची शक्ति हातीं आल्यावर ती घेण्याची इच्छा मात्र ओसरली. पूर्वी ज्याला दोष म्हणत त्यालाच सौंदर्य मानून मोठ्या तोंडाचीं, भारी किंमतीचीं भिंगें घेतलीं जातात आणि पाठीमागचें रान मुद्दाम पुसलें जातें. पक्ष्याचा डोळा तेजस्वी दिसावा यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अशा शंभर चित्रांची चवड पुढें ठेविली, तर कोणता पक्षी बाभळीवरचा, कोणता तळ्याकांठचा, कोणता डोंगरउतारावरचा, हें सांगतां येत नाहीं. एखाद्या गांवचें तळें बुजलें, माळरानावर घरें उठलीं, तर तेथें पूर्वी काय होतें याचा पुरावा म्हणून या चित्रांचा उपयोग होणार नाहीं. कीअर्टन बंधूंच्या करड्या, कष्टानें घेतलेल्या चित्रांत तें सारें आहे. झुडूप आहे, गवत आहे, शेताचा बांध आहे.

दुसरी गोष्ट जवळ जाण्याची. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणजे मनुष्य आपोआप निरुपद्रवी होतो, ही समजूत घरट्यापुढच्या छाटलेल्या डहाळ्यांनीं केव्हांच खोटी ठरविली आहे. हिंदुस्थानच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार या शब्दाची जी व्याख्या केली, तींत रानपक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं विचलित करणें याचाही अंतर्भाव आहे. गोळी न झाडतां शिकार होऊं शकते, हें त्या कायद्यानें स्पष्ट केलें. आज लांब पल्ल्याचें भिंग आणि अंधुक प्रकाशांतही चालणारा कॅमेरा हातीं असतांना घरट्याशीं जाऊन बसण्याचें कारण बहुधा उरलेलें नाहीं. थोडें मागें सरावें, छिद्र दोन पायऱ्या मिटावें आणि चौकटींत पक्षी थोडा लहान राहूं द्यावा. मग ज्या फांदीवर तो बसला आहे ती फांदी, तीवरचीं फळें आणि फांदीमागचें झाडही त्याच्याबरोबर चित्रांत येतें. आणि पक्षी तेथेंच, निर्धास्त, आपल्या कामांत गढलेला राहतो.